अर्धी राहिलेली पोथी

मैत्रिणींनो, घरातलं माणूस गेलं की त्याच्यामागे काय काय उरतं? चष्म्याची डबी, गोळ्यांचं अर्धं पाकीट, खुंटीवरचा सदरा. आणि अर्धी राहिलेली कामं. गोळ्या आपण टाकून देतो, सदरा कुणा गरजवंताला देतो. अर्ध्या कामांचं काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. फोटो मोठा करून घेतो, त्याला चंदनाचा हार घालतो आणि त्या दिवसापासून त्या माणसाबद्दल फक्त चांगलंच बोलायचं, असा एक अलिखित नियम घरात सुरू होतो. मग हळूहळू असं होतं, की फोटोतला माणूस आणि आपल्याबरोबर तीस-चाळीस वर्षं राहिलेला माणूस यांची ओळखच पटत नाही!

गेलेल्या माणसाचा मान ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? हा प्रश्न मनात आला की मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. आडनाव टिळक असलं, तरी या लोकमान्यांच्या घरातल्या नव्हेत. ‘वनवासी फूल’ लिहिणारे आणि लहानपणी आपल्या डोळ्यांतून पाणी काढणारी ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता लिहिणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक, त्यांच्या या पत्नी. शाळेच्या पुस्तकात ‘स्मृतिचित्रे’मधला एखादा धडा आपल्यापैकी अनेकींना होता. तो वाचताना हसू यायचं, एवढं नक्की आठवत असेल. पण त्या हसण्यामागे किती मरणं आहेत, हे त्या वयात कुठलं कळायला?

लक्ष्मीबाईंचा जन्म 1 जून 1868चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले, घरात सगळे मनू म्हणायचे. त्या जन्मल्या त्या घरावर एका मरणाची सावली आधीपासूनच होती. त्यांच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांना 1857च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांना सोवळ्याचं जे वेड लागलं, ते जन्मभर गेलं नाही. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची. धान्य तर धुवायचंच, पण मीठसुद्धा! पाण्यात घातल्यावर मिठाचं काय होतं, ते तुम्हा-आम्हाला काय सांगायचं? ते सारं निस्तरायचं बायकांनी आणि मुलांनी. लक्ष्मीबाईंनी पुढे हे सगळं लिहिलं, ते इतक्या गमतीनं, की वाचताना हसू आवरत नाही. पण हसता हसता त्या घरातल्या बाईचे कष्टही दिसतात. वडिलांना त्यांनी राक्षस केलं नाही आणि देवही केलं नाही. एका मरणानं घाबरून गेलेला माणूस केला. पुढे नवऱ्याबद्दल लिहितानाही त्यांची हीच रीत राहिली.

मनूला तिच्या आत्यानं आणि आत्याच्या यजमानांनी आपल्याकडे वाढवलं. शाळा नाही, पाटी नाही. 1880 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास लग्न झालं आणि मनूची लक्ष्मी झाली. नवरा अठरा-एकोणीस वर्षांचा. कोकणातल्या करजगावात 6 डिसेंबर 1861 रोजी जन्मलेला, बुद्धीनं तल्लख, स्वभावानं तापट आणि पाय घरात न ठरणारा.

या नवऱ्याच्या मनातही एक मरण घर करून बसलेलं होतं. आई जानकीबाई तो लहान असतानाच गेली. वडील कडक, आई मायाळू आणि कवितेची आवड असलेली. आई गेली आणि या मुलाचा घराशी असलेला धागाच तुटला. तो नाशिकला आला, गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला आणि कवी झाला. आईची जागा मात्र रिकामीच राहिली. पुढे ख्रिस्ती झाल्यावर टिळकांनी जे अभंग लिहिले, त्यांत ते येशूला माउली म्हणून हाक मारतात. युरोपातून आलेल्या धर्मात देवाला बाप म्हणायची रीत मोठी. टिळकांनी त्याला आई केलं. ज्ञानोबांना माउली म्हणणाऱ्या महाराष्ट्राला यात काही परकं वाटलं नाही. मला मात्र दर वेळी वाटतं, की यात ज्ञानोबांबरोबर जानकीबाईही आहेत. आई गमावलेल्या मुलानं तिला कवितेत परत आणलं, आणि तेही थेट देवाच्या जागी.

टिळकांबरोबरचा संसार म्हणजे काय होता, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचूनच कळतं. आज नाशिक, उद्या नागपूर, परवा राजनांदगाव. नोकरी धरली की सुटायची. हातात पैसे आले की समोरच्या गरजवंताला द्यायचे, घरात पीठ आहे की नाही याची चौकशी नाही. बायकोला शिकवायची मात्र भारी हौस! धडे सुरू व्हायचे आणि रागाच्या एका झटक्याबरोबर बंदही पडायचे. अशा खंडित शाळेतून लक्ष्मीबाई वाचायला शिकल्या. मुलं झाली, त्यातली काही लहानपणीच गेली. टिळकांची ‘बापाचे अश्रू’ ही विलापिका मराठी कवितेत नाव मिळवून आहे. आईच्या अश्रूंची कविता तेव्हा कुणी मागितली नव्हती.

1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात टिळकांना एक गोरा गृहस्थ भेटला. त्यानं त्यांना ‘नवा करार’ वाचायला दिला. टिळकांनी तो वाचायला घेतला. येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचून ते हलून गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता त्या काळातल्या एका ब्राह्मण बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वय सव्वीस. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत आहे, पण नातलगांच्या लेखी तो गेलाच. कुंकू पुसायचं नाही, आणि लावलं तर ते कुणाच्या नावानं, असं लोकांच्या नजरा विचारणार! कुणी वारलं तर चार बायका जवळ बसून रडतात, तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. या दुःखाला ना दहावा ना तेरावा. सांत्वनाला येणारे लोकच टोचून जाणार. लक्ष्मीबाई त्या दिवसांत कोलमडून गेल्या. बहिणीच्या, नातलगांच्या आधारानं नाशिकला, पंढरपूरला त्यांनी दिवस काढले. मला वाटतं, टिळकांसाठीचा पहिला शोक त्यांनी तेव्हाच करून घेतला. टिळक त्यानंतर चोवीस वर्षं जगले!

पण ही गोष्ट तिथं संपली नाही. साडेचार-पाच वर्षांनी त्या मुलाला घेऊन टिळकांकडे अहमदनगरला गेल्या (आजचं अहिल्यानगर). धर्म बदलायला नव्हे, संसार करायला. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं चालूच. टिळकांनी सक्ती केली नाही, हे त्यांच्याही पदरात घालायला हवं. पुढे राहुरीला असताना लक्ष्मीबाईंनी जातीचा विचार स्वतःच्या डोक्यानं केला. देवानं माणसं केली, मग जाती कुणी केल्या? उत्तर मिळालं, तेव्हा ज्यांच्या हातचं पाणी घेणं पाप समजलं जायचं, त्यांच्या हातचं त्या खाऊ-पिऊ लागल्या. ज्यांचे वडील मीठ धुवून घेत, त्या बाईनं हे केलं. आणि त्यानंतर, 1900 मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवरा गेला त्या वाटेनं त्या गेल्या खऱ्या, पण पाच वर्षांनी आणि स्वतःच्या पायांनी.

त्यानंतरची वर्षं भरल्या घराची. दुष्काळात उघड्यावर पडलेली मुलं घरी आली, तारासारखी मुलगी घरचीच झाली. आणि एक दिवस एक लाजाळू तरुण कवी आला, त्र्यंबक बापूजी ठोमरे. 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली होती. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणलं. निसर्गाच्या कविता लिहिणारा हा मुलगा लक्ष्मीबाईंच्या घरात मुलासारखाच राहिला. त्याचे रुसवे, त्याचा हळवेपणा, त्याचं खाणंपिणं हे सगळं त्यांनी सांभाळलं.

5 मे 1918 रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय फक्त सत्तावीस. बरोबर एका वर्षानं आणि चार दिवसांनी, 9 मे 1919 रोजी, टिळक मुंबईत वारले. त्याआधी 1917 मध्ये त्यांनी मिशनचं पगारी काम सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही येशूभक्तांना एकत्र आणणारा हा दरबार त्यांच्या जाण्यानं पोरका झाला. लक्ष्मीबाईंनी तेव्हा एक्कावन्नावं वर्षही पुरं केलेलं नव्हतं. एकोणचाळीस वर्षांचा संसार, त्यातली पाच वर्षं ताटातुटीची.

आता काय करायचं?

हिंदू घरात माणूस गेलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. दहा दिवस, पिंड, कावळा, वर्षश्राद्ध, पितृपक्ष. त्यातही करायचं ते मुलानं. बाईनं स्वयंपाक करायचा आणि बाजूला बसायचं. लक्ष्मीबाई ज्या ख्रिस्ती मंडळीत होत्या, त्या मंडळीत श्राद्ध नाही. गेलेला माणूस देवाच्या हातात आहे आणि पुनरुत्थानाच्या दिवशी भेट होणार आहे, अशी श्रद्धा. त्यामुळे मृतासाठी काही विधी करायला उरत नाहीत. प्रार्थना करायची, भजन गायचं, कबरीवर फुलं ठेवायची. श्रद्धा मोठी दिलासा देणारी खरी, पण रिकाम्या हातांचं काय? इतकी वर्षं ज्या हातांनी त्या माणसाचं केलं, त्या हातांना काहीतरी करायला हवं असतंच.

लक्ष्मीबाईंच्या हाती एक अर्धी पोथी होती.

‘ख्रिस्तायन’ तिचं नाव. ‘रामायण’ तसं ‘ख्रिस्तायन’. येशूचं चरित्र मराठी माणसाच्या कानाला सवयीच्या असलेल्या ओवीत सांगायचं, हे टिळकांचं मोठं स्वप्न होतं. त्यांच्या तीनशे वर्षं आधी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी हेच केलं होतं. 1616 मध्ये छापलेल्या त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त अकरा हजारांच्या आसपास ओव्या आहेत. टिळकांच्या हातून दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले.

ज्यांची कीर्ती महाराष्ट्रभर होती, त्या कवीचं महाकाव्य पुरं कोण करणार? एखादा पंडित, एखादा नामवंत कवी, असंच कुणालाही वाटलं असतं. ते पुरं करायला घेतलं ते घरात बसून अडखळत वाचायला शिकलेल्या बाईनं. आणि थोडंथोडकं नव्हे. 64 अध्याय! नवऱ्यानं लिहिलेल्याच्या जवळजवळ सहापट.

जरा हिशेब करून बघा. आपण कुणाचं अर्धं राहिलेलं स्वेटर पुरं करतो, तेव्हा टाके त्याच्यासारखे घालायचा प्रयत्न करतो. पण इथं विणलेला भाग मूठभर आणि विणायचा भाग ढीगभर. अशा वेळी दुसऱ्याच्या हाताची नक्कल करत कोण बसेल? लिहिता लिहिता स्वतःचाच हात उमटणार. ओवी काही लक्ष्मीबाईंना परकी नव्हती. जात्यावर बसलेल्या कुठल्या बाईला ती परकी असते? पोथीतली ओवी वेगळी, जात्यावरची वेगळी, हे खरं. पण दोघींचा झोका कानात असला, की बाई गोष्ट सांगू शकते.

आणि कुठली गोष्ट त्यांच्या वाट्याला आली, तेही पाहा. येशूचं चरित्र जन्मापासून क्रमानं सांगायचं म्हटलं, तर पहिले अध्याय जन्माचे, बालपणाचे. म्हणजे पाळणा टिळकांकडे आला आणि क्रूस लक्ष्मीबाईंकडे. मुलाचं मरण उभ्यानं बघणारी आई मरिया त्यांच्याकडे आली. शुभवर्तमानात सांगितलं आहे, की येशूचे बहुतेक शिष्य पळून गेले, पण बायका तिथंच थांबल्या. आणि तिसऱ्या दिवशी पहाटे मृतदेहाला लावायला सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडे निघाल्या त्याही बायकाच. का? तर गेलेल्या माणसाचं काहीतरी करायचं राहिलं होतं म्हणून! कबर रिकामी आहे, ही जगातल्या ख्रिस्ती लोकांची सगळ्यात मोठी बातमी अशी हात भरून निघालेल्या बायकांना सगळ्यात आधी कळली. नवऱ्याच्या मागे राहिलेली एक बाई हे सगळं ओवीत बसवत होती, तेव्हा तिच्या मनात काय चाललं असेल, हे मी कोण सांगणार? पण ज्या श्रद्धेत पिंड नाही, त्या श्रद्धेत तिनं आपल्या माणसासाठी करायचं काम शोधलं, एवढं मला दिसतं. ते काम म्हणजे त्याची गोष्ट शेवटपर्यंत नेणं.

लक्ष्मीबाईंचं दुसरं काम याहून अवघड होतं असं मला वाटतं. मुलगा देवदत्त, म्हणजे आपला तो लहानगा दत्तू, मोठेपणी स्वतः लेखक झाला. त्याला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी त्यानं आईकडे आठवणी मागितल्या. आई लिहायला बसली आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ झालं. 1934 पासून ते भागाभागानं पुस्तकरूपात आलं.

मुलानं बापाच्या चरित्रासाठी आठवणी मागितल्यावर एखादी आई काय लिहील? थोर पुरुष, महान कवी, देवमाणूस. रेव्हरंड टिळक खरोखरच मोठे होते, त्यामुळे तसं लिहिणं खोटंही ठरलं नसतं. लक्ष्मीबाईंनी मात्र सगळाच माणूस लिहिला. त्यांचा संताप लिहिला, विसरभोळेपणा लिहिला, पैशाचा घोळ लिहिला, न सांगता निघून जाणं लिहिलं. ताटातुटीतल्या आपल्या हालांचं वर्णन केलं. आणि त्याच हातानं त्यांचं कोवळं मन, मुलांसाठी तुटणारं काळीज, जातीपाती न मानणारी माणुसकी, देशावरचं प्रेम हेही लिहिलं. तक्रार करायला त्या बसलेल्या नाहीत आणि आरती करायलाही नाहीत. परिणाम असा, की शंभर वर्षं झाली तरी ना. वा. टिळक आपल्याला दिसतात, चालतात, चिडतात, हसतात. कुठल्याही गौरवग्रंथात ते इतके जिवंत सापडणार नाहीत.

टिळकांमध्ये आणि त्यांच्यात काय झालं, एवढंच त्या पुस्तकात आहे असं समजू नका. सोवळ्याचे वडील आहेत, आई आहे, आत्या आहे, रुसणारे बालकवी आहेत, वाटेत भेटलेली कितीतरी साधी माणसं आहेत, ज्यांची नावं एरवी कुठल्याच दगडावर कोरली गेली नसती. त्या सगळ्यांना बाईंनी एका ओळीत बसवून जेवायला वाढलंय. श्राद्धाच्या पंगतीत फक्त आपल्या कुळातले पितर जेवतात. या पंगतीत कुणालाही जात विचारलेली नाही.

यात धर्माचा वाटा किती, असं तुम्ही विचाराल. माझ्या मते बराच आहे. माणूस चुकणारा आहे आणि चुकणाऱ्यालाच क्षमा आहे, हे ख्रिस्ती श्रद्धेच्या मुळाशी आहे. ज्याच्या चुका पुसून टाकल्या, त्याला क्षमा कशाची करणार? लक्ष्मीबाईंनी चुका पुसल्या नाहीत. त्या आधी सांगितल्या आणि मग सोडून दिल्या. म्हणून त्यांच्या लिहिण्यात राग आहे, पण आंबटपणा नाही. ज्या माणसाशी पुन्हा भेट होणार आहे अशी खात्री असते, त्याच्याबद्दल बाई खोटं कशाला लिहील? उद्या समोरासमोर बसून हसायचंच आहे की!

24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकला लक्ष्मीबाई गेल्या. आणि काय योग बघा, ‘स्मृतिचित्रे’ही अर्धंच राहिलं! त्याचा शेवटचा भाग देवदत्तांनी पुरा केला. ज्या बाईनं नवऱ्याची पोथी पुरी केली, तिची पोथी मुलानं पुरी केली. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ची साक्षेपी आवृत्ती तयार केली. ‘ख्रिस्तायन’ छापून आलं ते 1938 मध्ये. म्हणजे ज्या ग्रंथासाठी बाईंनी इतकी वर्षं दिली, तो छापील त्यांनी पाहिला नाही. त्यांच्या कवितांचा ‘भरली घागर’ हा संग्रहही त्या गेल्यावरच आला. 1980च्या दशकात विजया मेहतांनी ‘स्मृतिचित्रे’ पडद्यावर आणलं आणि सुहास जोशींनी लक्ष्मीबाई उभ्या केल्या, ते बघितलेल्या कितीतरी जणी आजही त्याची आठवण काढतात. 2017 मध्ये शांता गोखले यांनी केलेलं इंग्रजी भाषांतरही आलं.

कुणी म्हणेल, त्या कवीच्या बायको होत्या, त्यांना जमलं. आम्ही काय महाकाव्य लिहिणार? पण मैत्रिणींनो, त्या कवीची बायको होत्या म्हणूनच ते अवघड होतं. इतक्या मोठ्या सावलीत उभं राहून आपल्या बोलीत, आपल्या चालीनं लिहायला केवढी छाती लागते! शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं लेखनाचे नियम कुणाला विचारले नाहीत. ओट्याशी बसून सांगावं तसं सांगितलं, आणि तेच मराठीतलं एक श्रेष्ठ आत्मचरित्र ठरलं.

आपल्या घरात कुणी महाकाव्य अर्धं टाकून जात नाही. पण सासूबाईंच्या हातच्या लोणच्याचं प्रमाण कुणी लिहून ठेवलेलं नसतं. आईच्या जात्यावरच्या ओव्यांपैकी चारच आपल्याला येतात, बाकीच्या मावशीला येत असतात आणि मावशी ऐंशीची झालेली असते. वडिलांनी शाळेला द्यायचं म्हणून ठरवलेली पुस्तकं पोत्यात तशीच असतात. आणि नवऱ्याबद्दल, दिराबद्दल, बापाबद्दल मनात एक गाठ असते. ती माणसं गेल्यामुळे आता कुणाजवळ सोडायची तेच कळत नाही. फोटोसमोर उभं राहिलं की ती गाठ आणखी घट्ट होते, कारण फोटोशी भांडता येत नाही.

वहीशी मात्र भांडता येतं. मुलांची जुनी, अर्धी कोरी राहिलेली वही चालेल. दुपारची भांडी आवरली की अर्धा तास बसावं आणि त्या माणसाबद्दल खरं ते लिहावं. आधी राग आला तर राग लिहावा. पानं पुढे गेली की त्याचं हसणंही आठवेल, आजारपणात त्यानं उशाशी बसून काढलेली रात्रही आठवेल. ते तसंच्या तसं लिहावं. शुद्धलेखन तपासायला कुणी येत नाही. देवावर श्रद्धा असेल तर लिहिण्याआधी त्याचं नाव घ्यावं, तो ज्या नावानं तुमच्या घरात येत असेल त्या नावानं. आणि लिहून पुरं झालं नाही, तरी काळजी करू नका. वही हाताला लागेल अशा जागी ठेवा. पुढचं पान कोण लिहील, ते आपल्याला आज कुठे ठाऊक आहे?